चार हजार चित्रांचा डबा

"डबा सापडला तर उघडू नका! कुणीही उघडू नका हो!"

फौजदार भिलाजी महाजन जिन्याच्या पहिल्याच पायरीवर होते, तेव्हा वरून ही आरोळी आली. जळगावात त्यांनी सोन्याच्या चोऱ्या चिकार पाहिल्या होत्या. पण पत्र्याच्या डब्यासाठी कुणी असा जीव टाकलेला पहिल्यांदाच पाहत होते.

ओरडत होती कुसुमलता, डाळमिलवाल्यांची धाकटी सून. नवरा इंदूरला गेलेला. माडीवरच्या खोलीच्या खिडक्यांना घोंगड्या ठोकलेल्या, मधोमध टेबलावर ज्वारीच्या धांड्यांच्या आणि कापसाच्या बाहुल्या, समोर कॅमेरा.

"काय होतं डब्यात?"

"फिल्म. अजून धुतलेली नाही. बाहुली नखभर हलवायची, एक चित्र टिपायचं, पुन्हा हलवायची. अकरा महिन्यांत चार हजार चित्रं झाली. पडद्यावर पावणेतीन मिनिटं."

"अकरा महिने, आणि पावणेतीन मिनिटं!" फौजदारांनी कपाळाला हात लावला. "आणि डबा उघडला तर?"

"उजेड लागला की सगळं पुसलं जाणार. एकच्या गाडीनं मुंबईला धुवायला जायचा होता."

घड्याळात साडेअकरा झाले होते.

"चोर समोर उभा आहे, साहेब," कुसुमलताचे जेठ, म्हणजे थोरले दीर, दीपचंद बाही झटकत म्हणाले. बाहीच्या काठाला पांढरं काही लागलं होतं, ते जाईना. "डबा या कपाटात असतो हे या वन्याशिवाय कुणाला ठाऊक?"

बाहुल्या घडवणारा वना कोपऱ्यात उभा होता. सातपुड्याच्या पायथ्याचा माणूस, हातांना घट्टे.

"साहेब, मी नही लिधा. त्या बठ्ठ्या बाहुल्या मन्हा हातन्या शेतीस. मी चोर ठरनू तर मन्ही पोर रुपली गावमा तोंड कशी दखाडी?"

फौजदार कपाटापाशी गेले. बाहुल्या चिकटवायची गव्हाची खळ फळीवर सांडली होती आणि मुंग्यांची भलीमोठी रांग लागली होती. डब्याची गोल जागा मात्र स्वच्छ. आजूबाजूला एकही मुंगी चिरडलेली नव्हती. कडीत एक पांढरा धागा अडकला होता.

"बाहुल्यांचा कापूस," दीपचंद म्हणाले. "म्हणजे वन्याच."

फौजदारांनी काडी ओढून धागा पेटवला. केस जळल्यासारखा वास आला. त्यांनी तो चिमटीत विझवला.

"डबा शेवटचा कधी पाहिलात, ताई?"

"रात्री. पहाटे जिन्यात पावलं वाजली. उठून पाहिलं तर कुठंच दिवा नव्हता. भास झाला असं वाटून झोपले."

"चोर काय दिवा लावून येतो?" दीपचंद हसले.

"वना कुठं झोपतो?"

"गोदामात. रात्री घराला आतून कडी असते," कुसुमलता म्हणाली.

"घरात आणखी कोण?"

"सासूबाई. पर्युषण चालू आहे, त्यांचा सातवा उपवास. दुपारपर्यंत मौन."

"त्यांना मध्ये आणू नका!" दीपचंद एकदम म्हणाले.

"बरं. ही फिल्म कशाची असते?"

कुसुमलता अडखळली. "वर जिलेटिनचा थर असतो. जनावरांच्या हाडांचा. परवा जेठजींनी विचारलं, मी खरं ते सांगितलं."

फौजदारांनी शिपायाला खूण केली. "वनाला बेडी घाल. आणि सासूबाईंच्या खोलीवरून ने."

वना मोठ्यानं रडू लागला. चोर सोडून संन्याशाला फाशी, असं कुसुमलताला वाटलं आणि फौजदारांचा भयंकर राग आला.

खाली कुसुमलताच्या सासूबाई, सायरबाई, माळ ओढत बसल्या होत्या. शेजारी जीवजंतू अलगद बाजूला सारायची लोकरीची मऊ पुंजणी आणि मौनात लिहायची पाटी, ओली.

"माँसाहेब, तुमच्या सुनेचा डबा चोरला म्हणून याला आत टाकतोय," फौजदार मोठ्यानं म्हणाले.

माळ खाली पडली.

"सोडा त्याला! डबा मी नेला!" सात दिवसांच्या उपाशी तोंडातून शब्द कसेबसे फुटले. "सकाळीच पाटीवर लिहून मी दीपचंदला सांगितलं होतं!"

दीपचंदांचा चेहरा उतरला.

"तेच हवं होतं मला," फौजदार म्हणाले. "चोरानं मुंग्या मारल्या नाहीत, अलगद बाजूला सारल्या. कापूस जळला तर कागदासारखा वास येतो. हा केसांचा आला, म्हणजे लोकर. तेव्हाच मला पुंजणी आठवली. हाडांची वस्तू पर्युषणात घरात नको म्हणून माँसाहेबांनी ती हलवली. पण हाडांची गोष्ट त्यांच्या कानावर घातली कुणी? दीपचंदशेठ, बाहीला पाटीवरची पेन्सिल लागलीय. आईनं लिहिलेलं तुम्ही पुसलंत, आणि बोट दाखवलंत या गरिबाकडं. कशापायी?"

"वना गेला की बाहुल्या बंद. ती खोली... तुरीच्या पोत्यांना हवी होती," दीपचंद पुटपुटले.

"आईनं धर्म पाळला. पाप तुम्ही केलंत. आणि डबा? विहिरीत टाकला तर पाण्यातले जीव मरतील, चुलीत घातला तर आगीचं पाप, मातीत पुरला तर गांडुळं. मग उरलं काय? भांडी घासायच्या राखेचं पिंप!"

शिपायानं पिंपात कोपरापर्यंत हात घातला. डबा वर आला.

कुसुमलतानं झडप घातली आणि डबा फिरवून पाहिला. डब्याभोवतीची चिकटपट्टी निघालेली होती.

"माँसा, तुम्ही हा उघडलात?"

"आत मुंगी अडकली असली तर गुदमरेल ना, बेटा. म्हणून उघडून पुंजणी फिरवली. मग झाकण लावलं."

कुसुमलतानं झाकण तळव्यानं घट्ट दाबून धरलं.

"दिवा... लावला होता?"

सायरबाईंनी पडलेली माळ उचलली.

"चातुर्मासात पहाटे दिवा कसा लावू गं? पाखरं येऊन पडतात, मरतात. अंधारातच चाचपलं सगळं."

कुसुमलतानं डबा छातीशी धरला आणि सासूच्या पायांशी बसून ढसाढसा रडली.

वनानं बेडीचे हात फौजदारांपुढे केले.

"साहेब, हाई काढा आते. गाडी निंघी जाई."