दोरा कुठे थांबतो

मिरजेत हल्ली दुखणं विसरवून मिळायचं. सकाळी जायचं, दुपारी जेवायला घरी. तरी मौलालीचाचांनी तिकडे जायला तीन वर्षं लावली. तंबोरे घडवणारा माणूस. त्यांच्या घरात घाई कुणी केलीच नव्हती.

अकरा वर्षांपूर्वी पटाशी घसरून त्यांच्या उजव्या मनगटात घुसली. जखम महिन्यात भरली, आतली नस मात्र रुसली ती रुसलीच. सदऱ्याची बाही लागली तरी हात पेटायचा. तेव्हापासून त्यांची बायको रुकय्याबी त्यांच्या डाव्या बाजूनेच चालायची.

"नस केव्हाच गप्प झालीय, चाचा," डॉक्टर नेत्रा पाटणे म्हणाल्या. "पण तिनं ओरडून ओरडून मज्जारज्जूकडून दुखणं पाठ करून घेतलंय. ग्लुटामेट नावाचं रसायन निरोप आणतं. तो आत घ्यायला पेशींवर दारं असतात, त्यांना ग्राही म्हणतात. तुमची दारं वाढलीत आणि उघडीच राहिलीत. औषध दिल्यावर तासाभरात जी दारं वापरात येतील, ती मिटतील. म्हणून तासभर मी फक्त मनगट दाबणार. या हातानं दुसरं काही करू नका. कसबही असल्याच दारांआड असतं."

"तासभर कळ सोसायची, एवढंच ना? सवय हाय."

चाळीस मिनिटं त्यांनी दात आवळून काढली. शेवटी डॉक्टरांनाच ते बघवेना. जीव जरा रमेल म्हणून त्यांनी आपल्या आईचा तंबोरा आणला आणि छेडला. तो चाचांनीच घडवलेला, अब्बा हयात असताना.

चाचांचे डोळे भरून आले. अब्बांचं दुकान आठवलं, वाळत घातलेले भोपळे, लाखेचा वास, जवारी, म्हणजे तारेची गुंजती आस, चुकली की डोक्यात बसणारी टपली. "बोटानं ऐक," अब्बा म्हणायचे. किती सुखाचे दिवस होते ते!

"आवाज दबलाय की हो याचा!" चाचा म्हणाले आणि त्यांनी उजव्या बोटानं तारेखालचा सुती दोरा, तारा टेकतात त्या घोडीवर, केसभर सरकवला. आवाज उघडला, खोली भरून गेली. दोघंही खुळ्यासारखी हसत राहिली. मग डॉक्टरांची नजर घड्याळाकडे गेली. तास अजून संपला नव्हता.

दुसऱ्या दिवशी रुकय्याबीने भीतभीत त्यांचा उजवा हात धरला. दुखलं नाही. दोघंही रडली. दुपारी चाचांनी नव्या तंबोऱ्यात दोरा घातला, सरकवला, पुन्हा सरकवला. कुठे थांबायचं ते बोटाला कळेचना.

"चूक माझी आहे," दोघं पुन्हा दवाखान्यात गेली तेव्हा डॉक्टर म्हणाल्या. "दारं पुन्हा उघडता येतील. पण सगळीच."

"म्हंजे दुखनं बी?"

डॉक्टरांनी होकारार्थी मान हलवली.

चाचांनी डॉक्टरांच्या आईचा तो तंबोरा ऐकायला मागितला. त्यात त्यांच्या हातची शेवटची जवारी होती. उजव्या बाजूला, त्यांचा हात हातात घेऊन रुकय्याबी बसली होती. अब्बांचं दुकान पुन्हा भोवती उभं राहिलं.

"दोऱ्याला कुनाला हात लावू देऊ नका," ते म्हणाले. मग त्यांनी बायकोच्या हाताकडे पाहत हळूच विचारलं, "पन एक दिवस तार तुटंल. नवी लावली की दोरा नव्यानं बसवावा लागतो. तवा काय करायचं, डॉक्टरबाई?"