मुक्या पंपाचं गुपित

"जाळी! थॅड, जाळी आण! अरे, जाळी म्हणाले मी, सँडविच नाही!"

थॅडच्या एका हातात टोमॅटोचं सँडविच होतं आणि दुसऱ्या हातात स्वतःची गळकाठी. त्याने घटकाभर गहन विचार केला, सँडविच अख्खंच्या अख्खं तोंडात कोंबलं आणि जाळीकडे झेप घेतली. तोवर डेला फेची काठी इतकी वाकली होती, की तिचं टोक पाण्यात डोकावून "कोण आहे रे खाली?" असं विचारत होतं.

खाली बास मासा होता. ओकाबी तलावातला, जाडजूड, तिरसट, हिरव्या पाठीचा बास! बुडालेल्या झाडाच्या फांद्यांत बसून तो जाणाऱ्या-येणाऱ्याशी भांडण उकरून काढत असावा. डेलाच्या गळाचं जांभळं रबरी गांडूळ समोरून गेलं आणि त्याला तो स्वतःचा अपमान वाटला.

बोटीच्या मागच्या खुर्चीत मिस लुरलीन बसल्या होत्या, दोन्ही हात मांडीखाली दाबून. मुलांच्या मासेमारीच्या ज्युनियर क्लबचा, स्पर्धेच्या दिवशीचा नियमच होता तसा. बोट चालवायला मोठं माणूस हवं, त्याला म्हणायचं कॅप्टन. पण कॅप्टनने काठीला, दोरीला, जाळीला हात लावायचा नाही. तोंड मात्र चालवलेलं चालतं.

"टोक खाली घे, पोरी! उडी मारणार बघ तो! देवा रे, माझे हात शिवशिवतायत!"

"बसून राहा त्यांच्यावर, मिस लुरलीन!" डेला ओरडली.

"बसलेय ना! मुंग्या आल्या त्यांना!"

माशाने उडी मारली. ओकाबीची माणसं अजूनही सांगतात, की तो इतका वर गेला की वरून जाणाऱ्या बगळ्याने पाय आखडून घेतले. खाली आला तो थेट थॅडने पसरलेल्या जाळीत.

"म्म्म्फ!" थॅड म्हणाला. म्हणजे "मिळाला!" सँडविच अजून आतच होतं.

बोटीतल्या टाकीत मासा सोडला, झाकण लावलं, ताज्या पाण्याची धार सुरू झाली. मग मिस लुरलीननी एकदाचे हात बाहेर काढले आणि इंजिन असं सोडलं की तिघांच्या टोप्या मागे तरंगत राहिल्या. परत फिरून त्या गोळा कराव्या लागल्या.

मिस लुरलीनना लग्नानंतरही गाव मिसच म्हणायचं; ही बोट त्यांच्या नवऱ्याची, अर्लची. अर्ल गेले तेव्हा अख्ख्या गावाला वाटलं, बाई आता बोट विकणार. बाईंनी तिला पिवळा रंग दिला आणि ज्युनियर क्लबच्या दारात आणून उभी केली. "ज्यांच्या घरी बोट नाही, त्यांनी चढा!" डेलाची आई शनिवारीही कोंबड्यांच्या कारखान्यात कामाला जायची. थॅडचे वडील ट्रक घेऊन कुठल्या कुठे असायचे. दोघेही चढले, ते उतरलेच नाहीत.

धक्क्यावर स्पर्धेतले मासे तोलायची गर्दी उसळली होती. अलाबामाचा जुलै होता. ऊन असं, की कासवांनीही सावलीसाठी रांग लावली होती. आणि त्या सगळ्या गलक्याच्या वर एकच आवाज घुमत होता, मिस्टर बफर्ड गँट यांचा. ते मोठ्यांच्या क्लबचे अध्यक्ष. माईक हातात आला की ते काहीही रंगवून सांगायचे. एकदा माईक चालू राहिला म्हणून त्यांनी वाहनतळावर गाडी लावणाऱ्या एका बिचाऱ्याचं सुद्धा धावतं वर्णन केलं होतं.

"आणि आता येत आहे डेला फे! काय चाल! काय रुबाब! पिशवीत काय आहे? पाणी हलतंय, मंडळी, पाणी हलतंय!"

डेलाने मासा वजनकाट्यावर ठेवला. माशाने शेपूट हाणली ती थेट मिस्टर बफर्डच्या टायवर.

"जिवंत! अगदी ठणठणीत! आजचा सर्वांत मोठा बास!"

टाळ्या, शिट्ट्या! कोपऱ्यात मिस लुरलीन टोपी हवेत उडवत होत्या. इथे मासा मेलेला निघाला तर गुण कापतात. जिवंत आणायचा आणि जिवंत परत करायचा, ही या खेळाची शान. तोलून झालं की विनी, या दोघांची मैत्रीण आणि गावातलं सर्वांत न थकणारं तोंड, पिशव्या उचलून सुटकेच्या टाकीत मासे सोडायची. ही टाकी धक्क्याला बांधलेल्या चपट्या बोटीवर असे. शेवटी ती बोट तलावाच्या मध्यावर जायची, झडप उघडायची आणि सगळे मासे घरी!

निदान सगळ्यांना तसं वाटत होतं.

संध्याकाळी तिघं लव्हाळ्याशी बसून उकडलेल्या शेंगा खात होती. विनी बोलत होती. बोलता बोलता ती मध्येच थांबली, आणि हे इतकं विचित्र होतं की थॅडने दचकून वर पाहिलं.

पाण्यावर पांढरी पोटं तरंगत येत होती. एक, मग आणखी, मग कितीतरी. सर्वांत मोठ्या माशाच्या ओठात डेलाच्या गळाची बारीकशी खूण होती.

डेलाच्या हातातली शेंग तशीच राहिली. "अगं, त्याने टायला शेपूट मारली होती," ती हळू आवाजात म्हणाली.

बातमी धक्क्यावर पोचायला वेळ लागला नाही. मिस्टर बफर्डनी माईक उचलला.

"मंडळी, दुःखाने सांगतो. मुलं फोटोसाठी मासे उन्हात धरून ठेवतात. आणि लुरलीन, राग मानू नका, पण तुमची बोट जुनी, टाकी जुनी, आणि आपण सगळेच आता... असो! उद्या मोठ्यांची स्पर्धा झाली की मतदान घेऊ. ज्युनियर क्लब बंद आणि लुरलीनचं कॅप्टनपद रद्द!"

मिस लुरलीननी बोटीच्या पिवळ्या कठड्यावरची धूळ रुमालाने पुसली. तिथे धूळ नव्हतीच.

"हे खोटं आहे!" डेला उसळली.

"खोटं नाही गं, चुकीचं आहे," थॅड म्हणाला. "खोटं बोलणारा माणूस असा टाय सरळ करत बोलत नाही. चूक कुठे झाली ते शोधू. काट्यावर मासा जिवंत होता, बरोबर?"

"बरोबर!"

"म्हणजे आपली टाकी निर्दोष. तलावात परत गेला तेव्हा मेलेला. म्हणजे मधल्या मध्ये काय?"

दोघांनी विनीकडे पाहिलं.

"माझ्याकडे काय बघताय? मी नाही मारले! मी तर प्रत्येकाला 'जा बाळा' म्हणून सोडलं. फक्त मला तिथे शिंका येत होत्या. त्या टाकीला ना, मावशी मला पोहायला नेते तिथला वास येतो."

"पोहण्याच्या तलावाचा? आणि हे तू आत्ता सांगतेस?"

"कुणी विचारलंच नाही!"

"तू कधी विचारण्याची वाट बघितली आहेस का?"

तिघं धावत चपट्या बोटीवर गेली. टाकीशेजारी या वर्षी घेतलेला नवा पंप होता, तलावाचं पाणी खेचून टाकीत सोडणारा. थॅडने खाली वाकून त्याच्या तोंडात डोकावलं आणि शीळ घातली.

"डेला, हे बघ. आत कुंभारमाशीने मातीचं घर बांधलंय. चांगलं तीन खोल्यांचं!"

"म्हणजे पंप कित्येक दिवस चाललाच नाही!"

"मग टाकीत पाणी कुठून आलं?"

उत्तर गवतात पडलं होतं, हिरव्या सापासारखं. धक्क्यावरच्या मंडपाच्या नळाला जोडलेली बागेची नळी! तिच्या वाटेवरचं गवत हिरवंगार होतं, बाकी सगळं करपलेलं.

"गावाचा नळ," थॅड म्हणाला. "औषध टाकलेलं पाणी. आपल्याला ते चालतं. माशाच्या कल्ल्यांना भाजतं."

"पण मग आधीच्या स्पर्धांमध्ये कुणाला कसं कळलं नाही?" विनीने विचारलं.

डेलाने ओलं बोट वर धरलं. "नेहमी वारा पलीकडच्या दलदलीकडे असतो. मेलेले मासे तिकडे वाहत जातात आणि कासवं जेवून घेतात. आज पहिल्यांदा वारा आपल्याकडे आहे!"

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मिस्टर बफर्डना गाठलं. ते माईक तपासत होते.

"सर, तुमच्या टाकीतलं पाणी..."

"हॅलो, हॅलो! पाणी म्हणजे पाणी, बाळांनो! हॅलो! पळा, मोठ्यांच्या कामात लुडबुड नको. हॅलो!"

डेलाने मिस लुरलीनना सगळं सांगितलं. त्या ताडकन उठल्या, चार पावलं गेल्या आणि परत येऊन बसल्या.

"मी सांगितलं तर म्हणतील, म्हातारी स्वतःची कातडी वाचवतेय. मासा तुमच्या गळाला लागलाय, पोरांनो. ओढा!" आणि त्यांनी दोन्ही हात मांडीखाली घातले.

दुपारी मोठ्यांच्या बोटी परतायला लागल्या. नळीचं पाणी टाकीत खळखळत होतं. वेळ थोडा होता. तेवढ्यात मंचावर विनी चढली, पाठोपाठ डेला आणि थॅड, हातात काचेच्या दोन बरण्या घेऊन. प्रत्येक बरणीत आमिषाच्या दुकानातले चार चंदेरी मासे.

"सर," विनी गोड हसून म्हणाली, "पहिली बोट येईपर्यंत छोटीशी शर्यत! कुठल्या बरणीतले मासे जास्त तरतरीत? पण वर्णन करायला माणूस तसाच हवा. आम्हाला वाटलं, तुम्हाला जमणार नाही कदाचित..."

"मला? जमणार नाही?" मिस्टर बफर्डनी माईक असा उचलला की टायही वर गेला. "मंडळी! इकडे लक्ष द्या! पहिल्या बरणीत चपळाई आहे, चमक आहे, वा! दुसरी बरणीही मागे नाही! अरे, थांबा! दुसरीतले मासे वर आले! तोंडं उघडतायत! एक कलंडला! मंडळी, दुसरी बरणी हरतेय! काय झालं यांना?"

सगळा धक्का मंचाभोवती गोळा झाला. डेलाने झटकन दुसऱ्या बरणीतले मासे जाळीने उचलून पहिलीत टाकले. ते हळूहळू सरळ झाले. कलंडलेलाही शेपूट हलवू लागला.

"आणि ते वाचले!" मिस्टर बफर्ड गरजले. "चमत्कार! कन्ये, लोकांना सांग, या बरण्यांत पाणी कुठलं?"

त्यांनी स्वतःच माईक तिच्यापुढे धरला.

"पहिलीत तलावाचं, सर," डेला म्हणाली. "दुसरीत तुमच्या नळीचं. कालचे मासेही त्याच पाण्यात होते. आणि आत्ता ते पुन्हा टाकीत भरतंय."

मिस्टर बफर्डनी माईक ओठांजवळ नेला, बहुधा सवयीने.

"पण... पण तो नवा पंप किती आवाज करतो! माझं बोलणं कुणाला ऐकूच येत नाही! म्हणून मी..."

कर्ण्यांनी हे वाक्य इमानदारीने तलावाच्या टोकापर्यंत पोचवलं. पलीकडच्या काठाने उलट पाठवलं: "ऐकूच येत नाही... म्हणून मी..."

आधी एकजण हसला. मग सगळा धक्का हसला. मग कुणीतरी ओरडलं, "बोटी आल्या रे! टाकी रिकामी करा!" आणि हसू थांबून पळापळ सुरू झाली. थॅडने एका काडीने कुंभारमाशीचं घर हळूच सोडवून कुंपणावर ठेवलं. मोठाल्या दाढीवाल्या माणसांनी तलावाचं पाणी भरायला बादल्यांची साखळी केली, कारण पंप एकट्याने वेळेत पुरा पडला नसता. त्या साखळीत बाह्या वर सारून, टाय खांद्यावर टाकून सर्वांत पुढे कोण होतं? मिस्टर बफर्ड गँट!

त्या संध्याकाळी टाकीची झडप तलावाच्या मधोमध उघडली तेव्हा सगळ्या बोटी भोवती थांबल्या होत्या. एकेक हिरवी पाठ वळली, चमकली आणि खोल गेली. एकही पोट वर आलं नाही.

जेवणाला तळलेला कॅटफिश होता, मक्याच्या पिठाचे खमंग गोळे होते आणि घागरभर गोड गार चहा. मतदान झालं ते दुसऱ्याच गोष्टीवर: यापुढे पाण्याची जबाबदारी ज्युनियर क्लबची. सगळे हात वर गेले. एका म्हाताऱ्या खेळाडूने तिघांच्या पाठीवर थाप मारली. "इतकी वर्षं आम्ही मासे सोडून घरी जात होतो, पोरांनो. मागे वळून बघितलं ते तुम्हीच."

मग मिस्टर बफर्ड माईक घेऊन उभे राहिले. "मला माफी मागायची आहे. लुरलीन, तुमची आणि..."

नेमका तेव्हाच थॅडने टाकी धुण्यासाठी पंप सुरू केला. धडधड-धडधड-धडधड! मिस्टर बफर्डचे ओठ हलत होते, हात हलत होते, डोळ्यांत पाणीही दिसत होतं; पण शब्द एक ऐकू येईल तर शपथ!

"काय म्हणतायत ते?" मिस लुरलीननी ओरडून विचारलं.

"तुमची माफी मागतायत!" डेला ओरडली. "पंप बंद करू का?"

"छे गं! किती छान बोलतायत! चालू दे!"

हसता हसता डेला त्यांच्या शेजारी टेकली. दुसऱ्या बाजूला थॅड येऊन बसला, तोंडात मक्याचा गोळा. त्या पिवळ्या बोटीबद्दल, शिकवलेल्या गाठींबद्दल, सगळ्या शनिवारांबद्दल डेलाला काहीतरी म्हणायचं होतं. या गोंगाटात कुणाला ऐकू जाणार नाही, म्हणून तिने ते म्हणून टाकलं.

मिस लुरलीन समोर बघत राहिल्या. मग त्यांनी सवयीने मांडीखाली घातलेले दोन्ही हात बाहेर काढले आणि एका हाताने डेलाचा, दुसऱ्याने थॅडचा हात घट्ट धरला.