न उघडलेला तिसरा अंक

हेमलतामावशीने पुण्याहून फोनवर खूण सांगितली होती – एस-सहा, निळा शर्ट, उंच, चष्मा. पण निजामुद्दीन स्टेशनात गाडी थांबली आणि त्या डब्यातून निळ्या शर्टाचे, उंच, चष्मेवाले तिघे उतरले. देवयानीने तिघांकडे नीट पाहिलं. दोघांच्या हातात एकेक बॅग होती. तिसऱ्याच्या भोवती मात्र सात पिशव्यांचा गराडा पडला होता आणि तो मधोमध उभा राहून चष्मा पुसत होता.

ती सरळ त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. "हेमलतामावशींची पिशवी."

"अनारशाचं पीठ, भाजणी की पितळी सोऱ्या?"

"भाजणी. आणि सोऱ्या."

"सोऱ्या तुमचा होय... पुण्यापासून माझ्या उशाला आहे. मान अजून सरळ होत नाहीये."

देवयानी हसली. तोही हसला, पण आधी डोळ्यांनी, मग ओठांनी. हे तिच्या लक्षात राहिलं, का ते तिला तेव्हा कळलं नाही.

सन दोन हजारची दिवाळी पंधरा-वीस दिवसांवर होती. त्या काळी दिल्लीतल्या मराठी घरांचा फराळ असाच यायचा. कोणी पुण्याहून निघतंय अशी नुसती कुणकुण लागली, की चार ओळखीच्या आणि चार बिनओळखीच्या घरांतून पिशव्या येऊन पडायच्या. नाही म्हणायची रीत नव्हती. पुष्कर दांडेकरला गुडगावला एका कंप्यूटर कंपनीत नोकरी लागली होती, आणि ही बातमी त्याच्या आईने भाजी घेताना कोणाला तरी सांगितली होती. एवढंच.

"माझे कपडे दोन जोड," तो म्हणाला. "बाकी मी तुमच्या मंडळींची मालगाडी."

खरं तर आपली पिशवी घेऊन तिने निघायचं. पण ती थांबली. पिशव्या न्यायला येणारे पुणेकर, सोलापूरकर काका-काकू तिच्या ओळखीचे निघाले. तिने नावं वाचून पिशव्या दिल्या, त्याने प्रत्येकाला प्रवास कसा झाला ते सांगितलं. शेवटी उरला एक स्टीलचा डबा. आत चकल्या. वर नाव नाही, चिठ्ठी नाही.

"हा कोणाचा?"

पुष्करने डब्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे... आणि पुन्हा डब्याकडे. "नाव नाहीये खरं. तुम्हीच ठेवा. तुमच्या ओळखी जास्त. मालक सापडला की कळवा मला." आणि त्याने भाजणीच्या पिशवीवरच कंपनीने दिलेल्या घराचा फोन नंबर लिहून दिला.

प्लॅटफॉर्मवर चहा घेताना तो म्हणाला, "एकाच्या डोक्यावर सात पिशव्या, आणि परवाच कोणी रिकाम्या हाताने आलं असेल. कोण कधी येतंय-जातंय याची यादी हवी. आता इंटरनेटवर एक नवीन सोय निघालीय. ईमेलचं वार्तापत्र. एकदा लिहायचं, बटण दाबायचं, सगळ्यांना पोचतं. फुकट आहे. शिकावं लागेल मात्र."

"शिकेन की. विमानाच्या तिकिटांचं मशीन दोन दिवसांत शिकले मी."

"दोन दिवसांत?"

"दीड," देवयानी म्हणाली.

ती भिकाजी कामा प्लेसमधल्या एका ट्रॅव्हल कंपनीत होती. वय चोवीस, आणि त्यातली एकवीस वर्षं आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये गेलेली. साडेपाचला ऑफिस रिकामं झालं, की कोपऱ्यातला कंप्यूटर तिचा.

पहिल्या संध्याकाळी त्या संकेतस्थळाने तिला वार्तापत्राचं नाव विचारलं. तिने 'हातोहात' दिलं. मग रंग विचारला. तिने लिंबू निवडला. लगेच पडद्यावर आलं – अभिनंदन, आता तुम्ही प्रकाशक आहात. इतक्या कमी कष्टात तिचं इतकं कौतुक कधी कोणी केलं नव्हतं. पुष्करला फोन करून तिने ही बढती लागलीच सांगून टाकली.

अडचणी मग सुरू झाल्या. देवनागरी लिहिलं की अक्षरांच्या जागी नुसते चौकोन दिसत, म्हणून मराठी मजकूर इंग्रजी अक्षरांत घालावा लागला. दोन बटणं शेजारी शेजारी, दोन्ही हिरवी. एक नुसतं पाहायचं, एक पाठवायचं. पाठवायचं दाबलं की विचारणार, 'खात्री आहे ना?' दाराला कुलूप लावलंय का म्हणून आई विचारते तसं. वरच्या कोपऱ्यात एक छोटं पाकीट होतं. ते तिला नक्षी वाटलं. आणि खाली ओळ होती – सदस्यसंख्या : एक.

एक म्हणजे मीच, देवयानीने ठरवलं. स्वयंपाक करणारी आधी चव बघतेच.

तिचे बाबा, विनायकराव, एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर. घरात दुधवाल्याला लिहायची चिठ्ठीसुद्धा आधी मसुदा म्हणून लिहिली जायची. तीन मसुदे, मग स्वच्छ प्रत, हा त्यांचा कायदा. देवयानीनेही तेच ठरवलं. तीन अंक सरावाचे, आपले आपल्यालाच पाठवायचे. हात बसला की लोकांचे पत्ते गोळा करायचे.

पहिल्या अंकात तिने या नव्या यंत्रणेबद्दलचं आपलं मत मांडलं – लिंबू रंग, हिरवी बटणं, चौकोन, सगळं. पाठवला. तिच्या मेलपेटीत काही तो आला नाही. नवीन आहे बिचारं, वेळ लागत असेल, असं म्हणून तिने ते सोडून दिलं.

दिवाळी झाली. डब्याला मालक मिळाला नाही. पण मालकाची चौकशी करायला पुष्करचा दर रविवारी फोन यायचा, आणि चौकशी दोन मिनिटांत आटोपली तरी फोन पाऊण तास चालायचा. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी तो फराळाला आला, आईला वाकून नमस्कार केला, बाबांशी पेन्शनवर बोलला. जाता जाता 'तुम्ही' गळून 'तू' झालं, आणि दोघांनी तसं दाखवलं नाही.

दुसऱ्या अंकात तिने घरचं लिहिलं. बाबा डिसेंबरअखेर निवृत्त होणार. क्वार्टर सोडावं लागणार. कोथरूडचा फ्लॅट तयार आहे. संक्रांतीनंतरच्या गाडीचं आरक्षण सोमवारी उघडतंय, आणि तिकिटं काढणारी घरात मीच. बाबांनी एवढंच विचारलं – तीन काढायची की दोन? तुझं इथे काही असेल तर राहा, नसेल तर चल. रविवारपर्यंत सांग.

'माझं इथे काय आहे?' तिने लिहिलं. 'नोकरी आहे. सेक्टर बारामधला शेंगदाणेवाला आहे. आणि त्या बिननावाच्या डब्यातल्या चकल्या होत्या, त्या मी काल संपवल्या. फार खुसखुशीत होत्या.' पाठवला. हाही आला नाही.

त्याच आठवड्यात कंपनीच्या कामासाठी ती गुडगावला गेली. काम लवकर संपलं. परतीची चार्टर्ड बस यायची होती. तिने कळवलं होतं म्हणून पुष्कर त्याच्या नव्या सोसायटीसमोर, सिमेंटच्या पाइपांच्या ढिगाजवळच्या टपरीवर उभा होता. एका बाजूला बारा मजली इमारत, दुसऱ्या बाजूला अजून मोहरीचं शेत.

"तो नववा मजला," त्याने बोट दाखवलं. "अख्ख्या इमारतीत चार घरं लागलीत. संध्याकाळी चार दिवे दिसतात. त्यातला एक माझा."

"बाकीच्या तीन लोकांशी ओळख?"

"लिफ्ट बंद पडते तेव्हा जिन्यात होते. छान लोक आहेत, दम लागलेले."

"यार, तुला इथे करमतं?"

"करमायला लागलंय... गेल्या महिन्यापासून."

वाऱ्याने तिच्या ओढणीचं टोक त्याच्या चहाच्या ग्लासावर आलं. त्याने ते दोन बोटांनी उचलून अलगद बाजूला केलं, आणि सोडायला जरा जास्तच वेळ घेतला.

"देवयानी," तो खाली बघत म्हणाला, "तू उत्तर नाही दिलंस."

"कशाला?"

त्याने चमकून वर पाहिलं. तेवढ्यात बस आली. ड्रायव्हरने हॉर्नवर हात ठेवला तो काढेचना.

"कशाला उत्तर?" तिने पायरीवरून विचारलं.

"काही नाही," तो म्हणाला. "बिल्कुल काही नाही."

दुसऱ्या दिवशी ऑफिसात तिने तिसरा अंक एका दमात लिहिला. 'पुष्कर आधी डोळ्यांनी हसतो. त्याच्याशी बोलताना माझं मराठी सुधारतं आणि बाकी सगळं बिघडतं. तो एकदा थांब म्हणाला तर मी बाबांना दोन तिकिटं सांगेन. नाही म्हणाला तरी बहुतेक दोनच सांगेन, दिल्ली माझीही आहे. पण मग मला फार वाईट वाटेल.' खात्री आहे ना? आहे. तिने बटण दाबलं.

शनिवारी ती स्वच्छ प्रतीला बसली. सहज म्हणून त्या नक्षीच्या पाकिटावर बोट गेलं, आणि पाकीट उघडलं. आत तीन पत्रं होती.

पहिलं : 'अंक मिळाला. लिंबू रंग डोळ्यांत जातो, पण राहू दे. तू नाव सांगितलंस त्याच संध्याकाळी नोंदणी केली. सदस्य क्रमांक एक, पुष्कर.'

दुसरं : 'हे माझ्यासाठी होतं का, कळत नाही. असेल तर माझंही एक ऐक. डबा माझाच आहे. आईने दिलेला. तुला फोन करायला काहीतरी कारण हवं होतं.'

तिसरं : 'तिसरा अंक आलाय. दोन वाचले, तुझं उत्तर नाही. दुसरा अंक चुकून आला असावा. त्यामुळे हा मी उघडलेला नाही. तू म्हणशील तर न वाचता पुसून टाकतो.'

देवयानीचे कान गरम झाले. एक म्हणजे ती नव्हतीच. एक म्हणजे तो होता. तिने कालपरवाचे आपले शब्द आठवून पाहिले, एकेक. खोटा एकही नव्हता. मग तिने पुसून टाक असं लिहायला घेतलं, अर्ध्यावर थांबली आणि कंप्यूटर बंद केला.

रविवारी दुपारी आई, चंद्रप्रभाबाई, क्वार्टरच्या पुढच्या हिरवळीवर उन्हात चटई टाकून मटार सोलत होती. बाबा खुर्चीत वर्तमानपत्र घेऊन बसले होते. आत देवयानीने नंबर फिरवला.

"सदस्य क्रमांक एक आहेत का?"

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग – "बोलतोय."

"पाकीट काल उघडलं मी. ते उघडतं हेच माहीत नव्हतं."

"अच्छा..." त्याने सोडलेला श्वास तारेतून ऐकू आला. "म्हणजे तू रागावली नव्हतीस."

"आता रागावलेय. डबा तुझा होता आणि मी सहा काकूंना विचारत फिरले."

"सात. मला तू सात सांगितल्या होत्यास."

"चकल्या संपल्यात."

"वाचलं मी. दुसऱ्या अंकात. तिसरा तसाच आहे. पुसू?"

देवयानीने फोनची वायर बोटाभोवती गुंडाळली, सोडली.

"उघड."

"आत्ता?"

"आत्ता. आधी फोन ठेव. तुझी लाइन एकच आहे, फोन चालू असताना इंटरनेट कसं लागेल?"

"देवयानी, काय आहे त्यात?"

"वार्तापत्र आहे," ती म्हणाली. "ठेव."

पाच मिनिटांनी तिने नंबर फिरवला. एंगेज. म्हणजे वाचतोय. पंधरा मिनिटांनी फिरवला. एंगेज. एवढ्या वेळात तर अंक तीनदा वाचून होईल. अर्ध्या तासाने पुन्हा. एंगेज.

ती बाहेर आली, चटईवर बसली, एक शेंग उचलली.

"बाबा, तिकिटं दोन."

विनायकरावांनी वर्तमानपत्र खाली केलं. "हा मसुदा की स्वच्छ प्रत?"

"स्वच्छ प्रत."

"राहणार कुठे?" आईने विचारलं.

"नोकरी करणाऱ्या मुलींचं हॉस्टेल आहे. शुक्रवारी फॉर्म आणलाय."

आईने नवऱ्याकडे पाहिलं. विनायकरावांनी मान हलवली आणि पुन्हा वर्तमानपत्रात शिरले. पण पान काही उलटलं नाही. देवयानी आणखी एकदा आत गेली. एंगेज.

ती बाहेर येते तोच फाटकाशी रिक्षा थांबली. पुष्कर उतरला. केस विस्कटलेले, पायात घरातल्या स्लिपर, शर्टाचं एक बटण भलत्याच काजात.

"तासभर तुझा फोन एंगेज आहे," ती हळूच म्हणाली.

"वाचलं आणि तसाच निघालो. कंप्यूटर चालूच राहिला." एवढं बोलून त्याला चटई दिसली, मटार दिसले, बाबा दिसले. तो ताठ उभा राहिला. "नमस्कार, काका. ते... डबा न्यायला आलो होतो."

"कसला डबा?" आई म्हणाली. "तो बिननावाचा? तुझा होता? अरे, मग आधी बोलायचंस. आणि आता तो रिकामा आहे, रिकामा डबा कसा देऊ तुला? मटारच्या करंज्या करतेय, दीड तास तरी लागेल. बस."

"थांबतो," पुष्कर म्हणाला. आईला म्हणाला, पण बघत होता देवयानीकडे. डोळे आधीच हसायला लागले होते. मग आवाज खाली आणून, तिला ऐकू जाईल एवढंच – "तूही थांब."

देवयानीने मटाराचं ताट दोघांच्या मध्ये सरकवलं.

"मी मघाशीच दोन सांगितलीत," ती म्हणाली. "सोलायला घे."