नऊ बरण्यांचा श्वास

प्रयोगशाळेतलं माझं काम सोपं आहे. भरून काढलेल्या खाणीवरची माती बरणीत घालायची, आत क्षाराच्या पाण्याची वाटी ठेवायची, झाकण घट्ट लावायचं. माती जिवंत असेल तर तिच्यातले जीवजंतू श्वास सोडतात आणि तो शोषून वाटीतलं पाणी बदलतं. मेलेली माती काही सोडत नाही. मी शाळा अर्धवट सोडलेली बाई, हे सगळं हातांनी शिकले. पण मेलेलं कोणतं आणि जिवंत कोणतं, ते मला कळतं.

ही माती मेलेलीच असणार होती. खोदण्याआधी वरची सुपीक माती वेगळी काढतात. तिचे ढीग ठेंगणे ठेवायचे, लवकर परत पसरायचे, एवढी साधी गोष्ट. या खाणवाल्यांनी जागा वाचवायला तिमजली ढीग रचला आणि नऊ वर्षं तसाच ठेवला. आत सगळं गुदमरलं. मग ती पसरून वर रोलर फिरवला, गवत लावलं. त्या गवतावर उभं राहून फोटो काढून घेणाऱ्या व्यवस्थापकाला आम्ही हिरवळसाहेब म्हणतो.

कागदावर चाचणी करणाऱ्याची सही लागते. माझ्या सहीने ही जमीन पास झाली की पलीकडची टेकडी खोदायला परवानगी मिळणार होती. टेकडीच्या पायथ्याशी माझ्या थोरल्या बहिणीची बाग आहे. ताईने फोनवर एवढंच विचारलं, की तुझी सही विकाऊ आहे का ते आधीच सांग, म्हणजे झाडांना पाणी घालायचे कष्ट तरी वाचतील.

सोमवारी नऊ बरण्या लावल्या, जमिनीच्या नऊ तुकड्यांची एकेक. मंगळवारी माती सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. जंतू नाहीत, बुरशी नाही. त्यापेक्षा चुलीतली राख बरी. वाटीतलं पाणी मात्र पार बदललेलं. एवढा श्वास जंगलातल्या मातीलाही नसतो.

बरण्या धुऊन, वाळवून पुन्हा लावल्या. बुधवारी तेच.

मग काचांकडे लक्ष गेलं. आतून वाफ धरत होती, विरत होती. मी घड्याळ लावून मोजलं. मिनिटाला सोळा वेळा, नऊही बरण्या एकदम. माणसं झोपलेल्या खोलीत चुकून शिरल्यासारखं वाटलं.

दुपारी हिरवळसाहेब आला. आकडे बघून खूश झाला. माती श्वास घेतेय म्हणजे जिवंत आहे, मग घोडं अडलंय कुठे, असं म्हणत त्याने नऊ तुकड्यांची नऊ प्रमाणपत्रं पुढे सरकवली.

"हा मातीचा श्वास नाही, साहेब."

"मग कोणाचा?"

"माहीत नाही. आणि जे माहीत नाही त्यावर मी सही करत नाही."

त्याने नोकरीची आठवण करून दिली. मी म्हटलं, दुसरीकडे झाडू मारीन, पण मढ्याला पावडर लावून झोपलंय म्हणणार नाही. तो हसला. मग तुझ्या नावाने मीच करतो सही, म्हणत त्याने खुर्ची ओढली, पेन काढलं.

तो वाकला आणि बरण्यांचा ठेका बदलला. वाफ त्याच्या श्वासाबरोबर धरू लागली. त्यालाही ते दिसलं. खात्री करायला त्याने श्वास रोखला.

बरण्या थांबल्या.

त्याने श्वास घ्यायला तोंड उघडलं. छाती हलली नाही.

काचा कोरड्याच.

मी त्याची कॉलर सैल केली, पाठ चोळली, खिडकी उघडली. ओठ निळे पडत चालले होते. त्याच्या कोपराखालचा पहिला कागद मी ओढून घेतला आणि मोठ्या अक्षरात लिहिलं, नापास. खाली सही केली.

कडेच्या बरणीवर बारीकशी वाफ धरली. साहेबाच्या छातीत थोडी हवा गेली.

बाकीच्या आठ अजून थांबलेल्याच होत्या.