तीनशे बारा ग्रॅम

द्या ती बॅग इकडे. सीटमागची ना? लावा हुकाला. आता हात काढा, नाहीतर काटा तुमचंही वजन धरेल. हं... चार किलो ऐंशी ग्रॅम. झकास! तेराशे किलोमीटरच्या शर्यतीला याहून कमी घेऊन मी एकच माणूस जाताना पाहिलाय.

काय काय घेतलंय बघू. दोन ट्यूब, पंप, चेनची कडी, बॅटरी, दिवे, मलमाची डबी... आणि हे काय, टूथब्रशचं दांडकं कापलंय? धन्य आहात! चार ग्रॅम वाचवायचे आणि निघायच्या सकाळी अर्धा किलो नाश्ता हाणायचा. हसू नका, मीच लोकांना हे शिकवलंय. लांबच्या शर्यतीला निघणारे सगळे सामान घेऊन आधी या दुकानात येतात. मी एकेक वस्तू काट्याला लावायचो आणि विचारायचो, "हे नसेल तर मराल का?" नाही म्हणाला की वस्तू त्या खोक्यात. बावीस वर्षं हाच प्रश्न विचारत होतो. गेली सहा वर्षं विचारत नाही.

उबदार जाकीट कुठाय तुमचं? नाही घेतलं? का तर म्हणे घाट दुपारीच पार होईल. बरं. आणि खिळ्यावरचं ते निळं जाकीट कितीला, असं विचारताय. ते विकायचं नाही. का नाही, ते सांगतो, बसा. शटर अर्धं ओढून घेतो, बाहेर धुकं उतरलंय. तो दिवा जरा जवळ सरकवा.

माझा धाकटा भाऊ होता. घरात त्याला बारक्या म्हणायचे. दोन पोरींचा बाप झाला तरी बारक्याच. मी सायकली दुरुस्त करायचो आणि तो चालवायचा. माझ्या गुडघ्यांनी तिशीतच राम म्हटला, मग माझी सगळी हौस त्याच्या पायांत गेली. तो स्वतः शांत होता, कधी मोठ्यानं बोलला नाही. "दादा म्हणेल तसं," एवढंच.

या शर्यतींचा नियम तुम्हाला ठाऊकच आहे. स्वतःचं सामान स्वतः वाहायचं. वाटेतल्या दुकानात, जिथं कुणालाही मिळतं, तिथून काय हवं ते विकत घ्या. पण आपल्या माणसानं येऊन पाण्याचा घोटसुद्धा द्यायचा नाही. घरच्यांनी मोबाइलच्या नकाशावर त्याचा ठिपका बघत बसायचं. तो सरकतोय म्हणजे आपला माणूस ठीक आहे.

तर सात वर्षांपूर्वी मी एक शहाणपणा केला. अकराशे किलोमीटरवर तो माझ्या एका गिऱ्हाइकाच्या गावावरून जाणार होता. मी थर्मासमध्ये चहा भरला आणि रस्त्याच्या कडेला जाऊन उभा राहिलो. मला बघून त्याचा चेहरा असा पडला, काय सांगू! "दादा, तू का आलास?" म्हणाला. प्यायला मात्र, माझं मन मोडवेना म्हणून. कुणीतरी फोटो काढला. संध्याकाळी त्याचं नाव यादीतून गेलं. दोन महिने माझ्याशी बोलला नाही. मग एक दिवस आला आणि या टेबलावर माझा हात धरून म्हणाला, "पुढच्या वर्षी मी परत जाणार. शपथ घे. ठिपका थांबला तरी तू यायचं नाहीस." मी शपथ घेतली.

निघायच्या आदल्या दिवशी इथंच सामान बांधलं. सगळं झालं, ते जाकीट तेवढं राहिलं. काट्याला लावलं. तीनशे बारा ग्रॅम. मी म्हटलं, "हे नसेल तर मरशील का?" त्यानं ते हुकावरून काढून हातात घेतलं. मग म्हणाला, "घाटात गारठा असतो, दादा." मी म्हटलं, "अरे पाय चालवत राहिलास तर कसला गारठा? तीनशे बारा ग्रॅम चढावर तीन किलो वाटतात, रडशील." त्यानं ते बॅगेत घातलं. मी काढलं. त्यानं परत घातलं. मी नुसतं बघितलं त्याच्याकडे. तेव्हा त्यानं स्वतःच्या हातानं ते काढलं, नीट झटकलं आणि त्या खिळ्याला लावलं. "राहू दे इथंच. आल्यावर घेईन."

घ्या, चहा घ्या. निवतोय.

तिसऱ्या दिवशी तो चौथ्या नंबरावर होता. चौथ्या! मी दुकान टाकून मोबाइल धरून बसलेलो. दुपारपासून घाटात पाऊस लागला होता. चार वाजून दहा मिनिटांनी ठिपका थांबला. म्हटलं, थकला असेल, अर्धा तास झोपेल. पाच वाजले. साडेपाचला त्याची बायको दुकानात आली. पदराशी धाकटी पोर.

"दादा, ठिपका हलत नाही."

"झोपला असेल. झोप लागतेच त्यांना."

"फोन लागत नाही. तुम्ही जाऊन बघा ना. गाडीनं पाऊण तासाचा तर रस्ता आहे."

"मी गेलो तर गेल्या वर्षीसारखं होईल. चौथा आहे तो. माझं तोंड बघणार नाही जन्मात."

"नाही बघितलं तर नाही बघितलं!" ती ओरडली. एरवी माझ्यासमोर आवाज न चढवणारी पोरगी. "दादा, मी पाया पडते."

मी तिला घरी पाठवलं. आणि मग, तिला न सांगता, निघालो. हे जाकीट खिळ्यावरून काढलं आणि गाडी काढली. तिला आजही माहीत नाही. कुणालाच नाही. तुम्ही पहिले.

घाटात धुकं असं की गाडीचं नाकही दिसेना. ओल्या मातीचा वास आणि कुठंतरी पाणी पडल्याचा आवाज, बाकी काही नाही. ठिपक्याच्या वळणाच्या जरा खाली मी गाडी थांबवली आणि दिवे मालवले. का, तर कुणी बघू नये! जाकीट हातात घेऊन चालत वर गेलो. वळणावर पोचलो, धुकं जरा फाटलं आणि समोर, दोनशे पावलांवर, त्याचा मागचा दिवा लुकलुकताना दिसला. लाल. एक लांब, दोन छोटे, एक लांब, दोन छोटे. मीच लावून दिलेला दिवा तो, माझ्या ओळखीचा.

मी उभा राहिलो. हाक मारायला तोंड उघडलं. आणि मनात काय आलं, सांगू? दिवा लावलाय म्हणजे शुद्धीत आहे. आडोशाला बसलाय. आता मी पुढं गेलो आणि तेवढ्यात मागून एखादा स्पर्धक आला तर संपलं सगळं. शपथ घातलीये त्यानं. मी तिथंच उभा राहिलो, किती वेळ देव जाणे. दोनशे पावलं हो. एवढ्याशा दोनशे पावलांसाठी...

परत फिरलो.

गाडीत बसताना जाकीट शेजारच्या सीटवर टाकलं आणि मी जरा चमकलो. काहीतरी टाकल्यासारखं वाटलंच नाही. म्हटलं, बोटं बधिर झालीत थंडीनं.

सकाळी मागून येणाऱ्या एका स्पर्धक बाईला तो सापडला. कठड्याच्या भिंतीला टेकून, गुडघे पोटाशी घेऊन. मोबाइल भिजून बंद पडलेला. डॉक्टर म्हणाले, थंडीनं गेला. रात्री आठ-नऊच्या सुमारास. मी वळणावर उभा होतो तेव्हा साडेसहा वाजले होते. म्हणजे होता तो. माझा भाऊ जिवंत होता, आणि मी त्याचं जाकीट हातात धरून परत आलो. याला काय नाव द्यायचं ते तुम्हीच ठरवा. मला सहा वर्षांत सापडलेलं नाही.

तेरा दिवसांनी त्याची सायकल आणि बॅग परत मिळाली. मी शटर लावून बसलो आणि बॅग हुकाला लावली. का ते विचारू नका, मला दुसरं काय येतं? निघताना ती तीन किलो आठशे होती. काट्यानं दाखवलं चार किलो एकशे बारा. म्हटलं, पाणी मुरलं असेल. सगळं बाहेर काढलं, तीन दिवस वाळवलं, एकेक वस्तू मोजली. बेरीज तीन किलो आठशे. परत भरलं, चार किलो एकशे बारा. चार वेळा केलं. काटा बदलला. मग माझी नजर खिळ्याकडे गेली...

जाकीट काढून हुकाला लावलं. शून्य. हुक खाली ओढून बघितला, काटा चालू होता. जाकीट लावलं, शून्य. हातात धरलं तर कापड लागतं, चेन लागते, पण हाताला भार नाही. वजन तिकडं गेलं होतं, त्याच्याकडे. मी तिथं उभा होतो ना, तेव्हाच गेलं असणार.

सुरुवातीला मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. म्हटलं, काही तरी पोचलं त्याला. मग एके दिवशी न राहवून त्याच्या बायकोला बोलावलं. घाटात गेलो होतो ते नाही सांगितलं, फक्त काटा दाखवला. तिनं आकडे वाचले, जाकिटाची बाही हातात धरून बघितली. मग म्हणाली, "म्हणजे ओझं तेवढं गेलं, दादा. ऊब इथंच राहिली." आणि निघून गेली. तिनं रागावून माझं थोबाड फोडलं असतं तर मी जगलो असतो. त्यानंतर ती या दुकानाची पायरी चढली नाही. पोरी मला रस्त्यात काका म्हणतात, गोड हसतात. ते हसणं बघवत नाही मला.

विश्वास बसत नाहीये ना तुमचा? बसू नये. थांबा, दाखवतोच. तुमची बॅग काढा हुकावरून, खाली ठेवा. हे बघा, लावलं जाकीट. आता वाचा आकडा, माझा चष्मा तिकडं राहिलाय.

काय म्हणालात?

नीट वाचा. चेष्टा करू नका, हात जोडतो.

तीनशे बारा...

सहा वर्षं शून्य होता तो. काल रात्रीही लावून बघितलं होतं, रोज बघतो. गप्प बसा जरा. ओल्या मातीचा वास येतोय का तुम्हाला? पाऊस नाहीये हो बाहेर, आठवडाभर नाहीये... तुमची सायकल आत घेतलीत ना? ती भिंतीला टेकलीये तीच? मग शटरखालून तो कसला उजेड येतोय?

लाल आहे. एक लांब. दोन छोटे. एक लांब...

आल्यावर घेईन म्हणाला होता.

चार पावलं आहेत दारापर्यंत. या वेळी जाणार मी. या वेळी कुणी बघो, फोटो काढो, काहीही होवो. बघा, जाकीट घेतलं हातात. केवढं जड आहे हो हे, विसरलोच होतो. जातो. फक्त पाय... अहो, पाय उचलत नाहीयेत माझे. तुम्ही तरी हाक मारा त्याला! बारक्या म्हणा! बारक्या, थांब, आलो रे, आलो...

विझला.

वर करा शटर. करा, करा. कुणी नाही ना? रस्ता कोरडा आहे ना? मला माहीत होतं. दोनशे पावलं असोत की चार, मी जागचा हलणारा माणूसच नव्हे.

द्या तो काटा. लावतो परत. वाचा आकडा. शून्य ना? सांगितलं नव्हतं तुम्हाला?

मला बसू द्या जरा. आणि तुम्ही ऐका. त्या कपाटातलं कुठलंही जाकीट घ्या, मला काही देऊ नका, पण घेऊन जा. घाट दुपारी पार होईल की नाही हे कुणी सांगावं.

एक मिनिट. तुमची बॅग मघाशी चार किलो ऐंशी भरली होती, तुमच्या डोळ्यांदेखत. आत्ता ती उचला बरं. नको, हुकाला लावू नका. नुसती हातानं उचला, आणि मला सांगा.