नारळाबरोबर गेलेलं

संजनाचं लग्न झालं ते दोन हजार दहा सालच्या मे महिन्यात, आणि घरात पहिला टचचा फोन आला तोही त्याच लग्नातून. जावई धनेश रेडी गावचा. मुंबईत मोठ्या बोटींवर माणसं लावणाऱ्या एका कंपनीत तो कारकून होता. लग्नानंतर पाचव्या दिवशी बायकोला घेऊन आचऱ्याला सासरवाडीला आला, तेव्हा त्याने मेहुण्याच्या हातात एक डबा ठेवला.

"सुदेश, कागद दिलंय तुझे. चतुर्थी झाली काय कंपनीचो फोन येतलो. ह्योच नंबर दिलंय. बंद ठेव नको."

सुदेशची आई यमुनाबाई दारात उभी राहून ऐकत होती. तिचा सख्खा भाऊ आणि थोरला दीर, दोघेही छोट्या होडीवरून पाण्यात पडून गेले होते. त्यामुळे मोठी लोखंडी बोट म्हटली की तिच्या डोळ्यांसमोर पगार येत नसे, कठडा येई. माणसाला धरायला कठडा असलेली बोट. मुलाला तसली नोकरी लागावी, एवढंच तिचं देवाकडे मागणं होतं.

तिसऱ्याच दिवशी सुदेशच्या हातून फोन चिऱ्याच्या पायरीवर पडला आणि त्याचा एक कोपरा उडाला. यमुनाबाईने मेणबत्ती पेटवली. उन्हाळ्यात ती सुकट आणि सोडे पाकिटात भरून विकायची. जाड प्लास्टिकच्या कडेवर करवतीचं पातं धरायचं आणि ती कड ज्योतीवरून फिरवायची, की पाकीट असं चिकटे की चार पावसाळे आत दमट शिरत नसे. तिने फोनच्या मापाचं पाकीट केलं, तोंडाला तीन घड्या घातल्या आणि वरून रबर लावलं.

"आये, ह्या काय? सुकटीचा पाकीट?"

"सुकटीक पाणी लागणा नाय माझ्या पाकिटात. मगे फोनाक काय लागतला?"

"वास येता गो."

"येवंदे. मांजर उचलीत, चोर नाय उचलूचो."

"बाजारात कव्हर मिळता बरा."

"तेचा तोंड बंद होता? नाय मा? मगे गप रव."

कोपऱ्यात जाळं शिवत बसलेला लवू, म्हणजे सुदेशचा बाप, मान वर न करता म्हणाला, "ह्या पाकिटातसून बोललस तर साहेब बांगड्याचो भाव इचारतलो."

सगळे हसले. पण पाकीट राहिलं. वरून बोट दाबलं तरी फोन चालत होता, आणि पावसाळाभर सुदेशने तो सदऱ्याच्या वरच्या खिशात वागवला. दोनदा चिखलात पडला, एकदा पाणंदीतल्या ओहळात. काही झालं नाही.

नारळी पौर्णिमा त्या वर्षी चोवीस ऑगस्टला, मंगळवारी आली. दुपारी चारच्या सुमारास सगळी वाडी खाडीच्या तोंडाशी जमली. बायका नारळावर नारळ आपटून लढवत होत्या, पोरं फुटलेली भकलं पळवत होती. ओहोटी लागून बराच वेळ झाला होता आणि खाडीचं पाणी समुद्राकडे ओढ घेत होतं. दरवर्षी घरचा नारळ लवू द्यायचा. त्या वर्षी त्याने तो सुदेशच्या हातात दिला.

"औंदा तू दी. फुडल्या वर्साक खंय आसशीत कोण जाणे."

सुदेश गुडघाभर पाण्यात गेला. मागे लवूने गाऱ्हाणं घातलं. "बा समुद्रा, ह्या तुका देतंव, ता मानून घे, माझ्या माणसांका सांभाळ." 'देतंव' म्हणताना सुदेश वाकला, आणि सोनेरी कागदातला नारळ हातातून सुटला त्याच क्षणी खिशातलं पाकीटही सुटलं.

पाकिटात हवा होती, ते बुडालं नाही. नारळ आणि पाकीट शेजारी शेजारी तरंगत खाडीच्या तोंडाकडे निघाले. बायकांमध्ये कोणीतरी हसलं. सुदेशने सूर मारला.

"रव रे!" लवू ओरडला. "जावंदे तो!"

सुदेश वीस-पंचवीस वाव पोहत गेला आणि पाकीट दातात धरून परत आला. नारळ पुढे गेला.

"नारळाबरोबर गेलेला परत काढूचा नसता," लवू म्हणाला.

"बाबा, मी नारळ दिलंय. फोन पडलो."

"दर्याक काय कळता, पडलो काय दिलो?"

घरी येऊन उघडलं तर फोन आतून कोरडा ठणठणीत. सुदेशने आईचे दोन्ही गाल ओढले. यमुनाबाईलाही आपल्या हाताच्या कामाचा अभिमान वाटला. खोटं कशाला सांगायचं.

दुसऱ्या दिवशी दुपारी पाकिटाच्या तळाशी चमचाभर पाणी दिसलं. घामाचं असेल, असं तिला वाटलं. पण पाणी घामाइतकं नव्हतं. बोट लावून चाटलं, तर खारट. फोन कोरडा होता आणि चालू होता. संध्याकाळी बघितलं तर पाणी नव्हतं, फक्त प्लास्टिकला आतून पांढरी रेघ.

तिने नवं पाकीट केलं, दोन्ही कडा दोनदा चिकटवल्या आणि पाण्यात दाबून बुडबुडा येतो का ते बघितलं. बुडबुडा आला नाही. दुसऱ्या दिवशी पाणी होतं.

यमुनाबाई घाबरट बाई नव्हती. तिने पाकीट स्वयंपाकघरात खिळ्याला टांगलं आणि दर वेळी पाणी दिसलं की कालनिर्णयाच्या कोपऱ्यात वेळ लिहिली. पंधरा दिवसांनी ते आकडे वाचताना तिला त्यात ओळखीचं काहीतरी दिसलं. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हे तिला बापाने लहानपणी शिकवलं होतं. अष्टमीला सहा. द्वादशीला नऊ. लिहिलेली प्रत्येक वेळ तीच होती. पाणी भरतीला चढत होतं, ओहोटीला उतरत होतं. भांगाच्या, म्हणजे भरती कमी चढते त्या दिवसांत थेंबभर, अमावास्येच्या उधाणाला दोन बोटं.

"तेका कव्हर नकोच," सुदेश म्हणाला आणि त्याने फोन बाहेर काढून फळीवर ठेवला.

फोन पडला.

तीन दिवसांत तो सात वेळा पडला. फळीवरून, पेटीवरून, खिशातून. फळीवर तो भिंतीला टेकून ठेवलेला असे, आणि पडल्यावर सापडे उंबऱ्याजवळ. एकदा उंबऱ्याच्या बाहेर. एकदा तुळशीच्या पलीकडे. दर वेळी मागच्यापेक्षा थोडा पश्चिमेला. त्यावर ओरखडा मात्र उठला नाही. मे महिन्यात उडालेला कोपरा होता तेवढाच.

पाकिटात घातला की जागचा हलत नसे.

"परत दी तो," लवू बायकोला म्हणाला. "आणि माझ्या होडयेर हाडू नको."

"कंपनीचो फोन येवंदे. त्याच दिवशी माझ्या हातान देतंय."

"आणि तवसर?"

"तवसर पाकिटात आसा मा."

तिने सुदेशला सांगून बघितलं, की फोन येईपर्यंत होडीवर जाऊ नको. तो म्हणाला, "आणि खावचा काय? फोन?" हंगाम नुकता लागला होता, होडीला चार माणसं लागत होती. फोन घरीच ठेवून तो जाऊ लागला.

चतुर्थी झाली. अनंत चतुर्दशी झाली. तेवीस सप्टेंबरला, गुरुवारी, पौर्णिमा आली. होडी पहाटेच गेली होती.

दहा वाजता यमुनाबाई भाताचं पाणी ओतत होती. सहज वर बघितलं तर पाकीट अर्ध्याच्या वर भरलं होतं. फोन पहिल्यांदाच पाण्यात होता. त्याची काच उजळलेली होती.

साडेदहाला तो वाजला. तिने पाकीट तसंच कानाला लावलं.

"सुदेश आहेत का?" पलीकडून कोणी साहेब बोलत होता. "त्यांचं काम झालंय. सोमवारी मुंबईत हजर व्हायला सांगा."

"तो समुद्रावर गेलाय साहेब. सांगते. नक्की सांगते."

"जरा मोठ्याने बोला. लाटांचा फार आवाज येतोय तुमच्याकडे."

यमुनाबाई चुलीपाशी उभी होती. तिला कसलाच आवाज येत नव्हता.

तिने चूल विझवली. घरातला एक नारळ घेतला आणि पाकीट पदरात बांधून खाडीच्या तोंडाशी गेली. सव्वाअकराची भरती. पाणी ठरत आलं होतं, ओढ कुठेच नव्हती. सुदेश जिथे उभा होता तिथे ती गुडघाभर पाण्यात उभी राहिली.

आधी गाऱ्हाणं, मग नारळ, मग फोन. तिने मनात तसंच धरलं होतं. पाकिटासकट टाकला तर पुन्हा तरंगेल, म्हणून तिने रबर काढलं आणि तीन घड्या उलगडल्या. आतलं पाणी तिच्या बोटांवरून सांडलं. कोमट होतं. तिने फोन बाहेर काढला.

फोन गुळगुळीत होता. तिचा हात ओला होता.

तो निसटला.

नारळ अजून तिच्या काखेत होता. तोंडातून एक शब्द निघाला नव्हता.

तिने वाकून दोन्ही हातांनी चाचपलं. पाणी गुडघाभर, खाली स्वच्छ वाळू. काही लागलं नाही.

मग तिने घाईघाईने गाऱ्हाणं घातलं. "देतंय, देतंय, मी देतंय." नारळ सोडला. नारळ परत येऊन तिच्या नडगीला लागला. तिने तो लोटला. पुन्हा आला. तिसऱ्यांदा लोटला आणि मागे न बघता ती घरी आली.

तीन वाजता होडी आली. होडीत तीन माणसं होती.

लवू वाळूत बसला. बराच वेळ तो आपल्या उजव्या हाताकडे बघत होता.

"वारो नाय, लाट नाय," तो म्हणाला. "जाळा वडताना सुदेश वाकलो आणि गेलो. धरललंय मी तेका गो. मनगटाक धरललंय."

यमुनाबाईने विचारलं, "किती वाजले व्हते?"

"भरती ठरली, तेव्हा." मग तो म्हणाला, "हात ओलो व्हतो. निसाटलो."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, ओहोटीला, सुदेश खाडीच्या तोंडाशी वाळूवर सापडला. अंगावर कुठे खरचटलेलं नव्हतं. सदरा उन्हात वाळवून ठेवल्यासारखा कोरडा होता, केस कोरडे होते. पंचनाम्यात हे लिहिलेलं नाही. फक्त उजवा हात मनगटापर्यंत ओला होता. यमुनाबाईने तो पदराने पुसला. पुन्हा ओला झाला. सरणावर ठेवेपर्यंत ती पुसत होती.

सुदेश लवू पराडकर तेवीस सप्टेंबर दोन हजार दहा रोजी, गुरुवारी, सकाळी सव्वाअकरा वाजता वारला. त्याचं वय चोवीस होतं.