पाठ झालेला तक्ता

"गोल!"

समोरच्या संघानं मैदान डोक्यावर घेतलं. सुट्टीच्या शिबिरातल्या सराव सामन्यातला हा तिसरा गोल, आणि तिन्ही लांबून मारलेले! गोलात उभा असलेला मिठू हलला तो चेंडू जाळीत जाऊन बसल्यावरच.

"झोपा काढतोस की काय रे?" शिट्टी सर कडाडले. हे क्रीडाशिक्षक गळ्यातली शिट्टी जेवतानाही काढत नाहीत, अशी शाळेत वदंता होती. "रविवारच्या अंतिम सामन्यात तू बाहेर बसायचं! खेळात लक्ष नसलेला गोली मला नको."

मिठूचं तोंड एवढंसं झालं. फौजदारला ते बघवेना. फौजदार म्हणजे त्याची मावसबहीण, दीड वर्षानं मोठी आणि त्यांच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहणारी. दिसेल त्याची उलटतपासणी घ्यायची खोड, म्हणून हे नाव तिला चिकटलं होतं. मिठूचं नावही असंच पडलेलं. एकदा कानावर पडलं की त्याचं पाठ!

"पेन्सिल," ती शेजारच्या काटकुळ्या मित्राला म्हणाली, "जवळून मारलेले किती अडवले त्यानं?"

पेन्सिलनं आपली चित्रांची वही चाळली. प्रत्येक फटका त्यानं बाण काढून टिपला होता. "सात! सातच्या सात!"

"मग हा झोपलेला माणूस जवळचे सात अडवतो आणि लांबचे तीन सोडतो? इथे कुठेतरी पाणी मुरतंय."

"पोरं म्हणताहेत, तो समोरच्यांना फितूर झालाय."

"पोरांना काय! उचलली जीभ, लावली टाळ्याला!"

दुसऱ्या दिवशी सकाळी फौजदार मैदानाच्या पार टोकाला, पाण्याच्या टाकीपाशी जाऊन उभी राहिली. हातात लाल टॉवेल. मिठू समोरच्या गोलात एकटाच होता. तिनं एकही शब्द न बोलता टॉवेल हलवला. मिठू सरळ तिच्याकडेच तोंड करून उभा होता, पण ढिम्म! तिनं उड्या मारल्या. तरी ढिम्म!

"मिठ्या!" शेवटी ती ओरडली.

त्यानं लगेच हात वर केला. "ताई, तू आहेस होय? कुठे लपली होतीस?"

फौजदारनं आजूबाजूला पाहिलं. लपायला तिथे साधं झुडूपही नव्हतं.

"त्याला मी दिसलेच नाही रे," ती पेन्सिलला म्हणाली.

"पण सुट्टीच्या आधीच तर सरांनी सगळ्या वर्गाचे डोळे तपासले! मिठूच्या नावापुढे 'उत्तम' लिहिलंय. मी स्वतः पाहिलंय."

आता आली का पंचाईत! फौजदार दुपारपर्यंत नखं कुरतडत बसली. तेवढ्यात डबे संपले आणि बाटल्या भरायला कोणी जायचं यावरून मुलांनी रिंगण केलं. पेन्सिल एकेकाच्या छातीला बोट लावत म्हणू लागला,

"ग! न-म! ट-प-र! क-ल-व-स! सुटलास!"

"थांबा!" फौजदार किंचाळली. "हे आपण शिकलो कुठे?"

"तक्त्यावर," पेन्सिल म्हणाला. "खेळाच्या खोलीतल्या, डोळे तपासायच्या…" आणि त्याचा जबडा उघडाच राहिला.

तो तक्ता त्या खोलीत कित्येक वर्षं टांगलेला होता. तपासणीच्या दिवशी अख्खा वर्ग त्याच खोलीत रांग लावायचा. पुढचा मोठ्यानं वाचायचा, मागचे ऐकायचे. एका तासात एकेचाळीस मुलं निकालात! मिठूचा नंबर अडतिसावा. तोवर ती अक्षरं त्याच्या कानावर सदतीस वेळा पडली होती.

"आणि आपण स्वतःला गुप्तहेर म्हणवतो! काखेत कळसा आणि गावाला वळसा!" फौजदारनं कपाळावर हात मारला.

पण सगळ्यात अवघड काम पुढेच होतं. खोलीमागच्या पायरीवर तिनं मिठूला गाठलं.

"मला आंधळा म्हणतेस?" तो उसळला. "मी वाचलं होतं सगळं!"

"बरं, मग त्या फाटकावरच्या पाटीवर काय लिहिलंय?"

मिठूनं डोळे बारीक केले. बराच वेळ केले. "तिथे काही लिहिलंय?"

मग मिठू हळू आवाजात म्हणाला, "लांबचं तुम्हाला खरंच दिसतं? मला वाटायचं, सगळ्यांनाच ते पुसट दिसतं. तुम्ही अंदाजानं ओळखता आणि माझाच अंदाज चुकतो. मी ढ आहे ना, म्हणून."

फौजदारच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. जन्मभर ती त्याच्या शेजारी वाढली होती आणि तिला याचा पत्ता नव्हता! "ढ बिढ काही नाहीस तू," ती म्हणाली. "सदतीस वेळा ऐकून का होईना, उलटासुलटा सगळा तक्ता पाठ केलास!"

"पण सर ऐकतील? त्यांच्या वहीत तर 'उत्तम' आहे."

"ऐकतील. तू फक्त ते नेहमीचं वाच. पाठ आहे तेच!"

पेन्सिलनं पट्टीनं जुन्या तक्त्यावरची अक्षरं मोजली आणि घरी जाऊन तेवढ्याच मापाची नवी अक्षरं कोऱ्या कागदावर काढली. दुसऱ्या दिवशी चेंडू खोलीत ठेवायची पाळी त्यांचीच होती. नवा कागद जुन्यावर लागायला दोन मिनिटं पुरली.

"सर, मिठूचे डोळे पुन्हा तपासाल?" फौजदारनं शहाण्या मुलीचा चेहरा करून विचारलं.

"पुन्हा कशाला? 'उत्तम' आहेत!"

"एकदाच, सर! मग आम्ही गप्प."

सर कुरकुरत उठले, वही उघडून बसले. मिठू सहा मीटरवरच्या रेघेवर उभा राहिला आणि एक डोळा झाकून घडाघडा बोलला, "ग, न, म, ट, प, र, क, ल, व, स!" मग दुसरा झाकून तेच.

"बघ! उत्तम!" सरांनी झोकात खूण केली.

"सर," फौजदार म्हणाली, "एकदा तक्त्याकडे बघता का?"

सरांनी मान वर केली. तक्त्यावर 'द' होता. त्याखाली 'भ' आणि 'ह'. मिठूनं वाचलेलं एकही अक्षर तिथे नव्हतं! तक्ता जसा मुलांचा पाठ, तसा सरांचाही. भिंतीकडे त्यांनी किती वर्षांत पाहिलं नव्हतं, कोण जाणे!

सरांनी पेन खाली ठेवलं. "मिठू, जे दिसतं तेच सांग बाळा."

"वरचा 'द' आहे बहुतेक. खाली नुसत्या मुंग्या आहेत, सर."

"आणि मी या पोराला सगळ्यांसमोर झोपाळू म्हणालो," सर स्वतःशीच पुटपुटले. त्यांनी वहीतलं 'उत्तम' खोडलं आणि सायकल काढली ती थेट मिठूच्या घरी. तिघं मागोमाग होतेच.

मावशी, म्हणजे मिठूची आई, शिवणयंत्रावर बसली होती. सरांनी चूक कबूल केली, तरी ती हबकलीच. "एवढ्याशा पोराला चष्मा? एकदा लागला की नंबर वाढतच जातो म्हणतात!"

"चष्म्यानं नंबर वाढत नाही हो," दुसऱ्या दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी तपासणी करून सांगितलं. "वाढत्या वयात तो तसाही वाढू शकतो, म्हणून दर सहा महिन्यांनी दाखवायला या. रोज दोन तास उघड्यावर खेळायचं, पुस्तक डोळ्यांपासून कोपर ते मूठ एवढं लांब धरायचं आणि मोबाइलला नाक लावून बसायचं नाही. काय गोली?"

"दोन तास खेळायचं?" मिठूचा चेहरा उजळला. "हे औषध आहे?"

"औषधच समज!"

मागे पट्टा असलेला, न फुटणाऱ्या काचांचा चष्मा शनिवारी आला. मावशीनं पट्ट्याला आतून मऊ कापड शिवलं. शिवता शिवता म्हणाली, "टीव्हीपासून मागे सरक म्हणून किती ओरडले रे मी तुला!" आणि तिनं त्याच्या डोक्यावरून हात फिरवला.

रविवारी सामन्याआधी सरांनी सगळ्यांना गोळा केलं. "मिठूचं लक्ष होतं. चूक माझी होती. यापुढे तपासणी एकेकाची, दार लावून आणि दर वेळी वेगळ्या तक्त्यावर! एकेचाळीस जणांना मी शाळेत बोलावून पुन्हा तपासलं, तेव्हा आणखी तिघं सापडले. हे काम या फौजदारबाईंचं आणि पेन्सिलचं. शाबास रे पोरांनो!" टाळ्या कडाडल्या. फितूर म्हणणारी पोरं सगळ्यात जोरात टाळ्या वाजवत होती.

"गोलात कोण, सर?" पेन्सिलनं विचारलं.

"हा प्रश्न आहे?" सर गुरगुरले.

मिठू गोलात जाऊन उभा राहिला. फौजदार मात्र गुपचूप पाण्याच्या टाकीपाशी गेली. सामना सुरू व्हायला मिनिटभर होता. तिनं लाल टॉवेल काढला आणि एकही शब्द न बोलता हलवला.

मैदानाच्या त्या टोकाला मिठूनं लगेच दोन्ही हात उंच केले.

"ताई!" तो बेंबीच्या देठापासून ओरडला. "टॉवेलला भोक पडलंय!"

फौजदारनं टॉवेल बघितला. खरंच पडलं होतं. ती हसली आणि त्याच टॉवेलनं डोळे पुसले.